जुनी मोटारसायकल आणि चोर : कोकणातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या पडवीत, बंदरावर किंवा रेल्वे स्थानकाबाहेर उभी असलेली पंधरा-वीस वर्षांची मोटारसायकल चोरीला गेली की मालकाचे नुकसान पुष्कळदा दोनदा होते. पहिले नुकसान गाडी जाते तेव्हाचे असते. दुसरे तेव्हा होते, जेव्हा ती कोठेतरी सापडते पण आपलीच आहे हे कागदावर दाखवता येत नाही. म्हणून पुढील उत्तरांत कुलूप-साखळीइतकाच भर कागदांवर दिलेला आहे.

माझी गाडी इतकी जुनी आहे. ती चोरून कोणाला काय मिळणार?

हा समज चोराच्या सर्वाधिक सोयीचा आहे. जुनी गाडी पुष्कळदा अख्खी विकण्यासाठी चोरली जात नाही, तर सुटी करून विकण्यासाठी चोरली जाते. स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली आणि तिचे ९७.२ सीसीचे इंजिन किरकोळ बदलांसह पुढे अनेक वर्षे चालू राहिले. त्यामुळे एका गाडीचे इंजिनचे हेड, कार्ब्युरेटर, चाके, टाकी, शॉकॲब्सॉर्बर हे सारे दुसऱ्या कित्येक गाड्यांना बसते आणि त्याला कायम गिऱ्हाईक असते. यामाहा आरएक्स १०० ची गोष्ट वेगळी आहे. ती १९८५ ते १९९६ या काळात बनली, आज नव्याने मिळत नाही आणि हौशी लोक तिच्या मूळ भागांसाठी चांगले पैसे मोजतात. जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूतलाही हेच लागू पडते.

याखेरीज जुन्या गाडीत इंजिन रोखणारी इलेक्ट्रॉनिक चावी नसते, अलार्म नसतो, कुलूप झिजलेले असते आणि मालक निर्धास्त असतो. काही वेळा गाडी केवळ दुसरा गुन्हा करण्यापुरती नेली जाते व नंतर कोठेतरी टाकून दिली जाते. अशा कामासाठी रस्त्यात कोणाच्याही नजरेत न भरणारी साधी, मळकी गाडीच निवडली जाते.

कोणत्या ठिकाणी अधिक जपावे?

मालक किती वेळ परतणार नाही याचा अंदाज जेथे कोणालाही बांधता येतो, तेथे. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, खेड यांसारख्या स्थानकांबाहेर गाडी लावून मुंबईच्या गाडीत चढणारा माणूस दोन दिवस तरी येत नाही, हे त्याच्या हातातील बॅगच सांगते. हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण या बंदरांवर पहाटे गाडी लावून होडीवर गेलेल्या खलाशाचेही तसेच आहे. तो समुद्रात आहे हे सर्वांना दिसते, आणि मोठ्या बोटीवर गेला असेल तर तो काही दिवस परत येत नाही. जत्रा, दशावताराची रात्र, शिमग्यातील पालखी आणि आठवडा बाजार या वेळी गर्दीत कोण कोणाची गाडी ढकलतो आहे हे कोणी पाहत नाही.

स्थानकावर पैसे घेऊन गाडी ठेवणारा वाहनतळ असेल, तर तेथेच ठेवावी आणि पावती गाडीच्या डिकीत न ठेवता खिशात ठेवावी. बंदरावर तिघा-चौघांनी आपल्या गाड्या एकत्र लावून एकच लांब साखळी सर्वांच्या चाकांतून ओवली तर ती एकेकट्या गाडीपेक्षा पुष्कळ सुरक्षित राहते.

हँडल लॉक पुरेसे नाही का?

नाही. हँडल लॉक म्हणजे सुकाणूच्या दांड्याजवळील खाचेत शिरणारी बोटाएवढी पोलादी खीळ. जोर लावला की ती तुटू शकते. शिवाय वीस वर्षे वापरलेल्या कुलपाच्या आतील पितळी पट्ट्या इतक्या झिजतात की त्याच कंपनीची दुसरी चावीही त्यात फिरते. आपली गाडी शेजाऱ्याच्या चावीने सुरू होते हे गावात कौतुकाने सांगितले जाते. प्रत्यक्षात ती धोक्याची सूचना असते. असे होत असेल तर संपूर्ण लॉक सेट, म्हणजे इग्निशन, हँडल, टाकीचे झाकण आणि बाजूची डिकी, एकदम बदलून घ्यावा. त्या खरेदीचे बिल आणि नव्या दोन्ही चाव्या जपून ठेवाव्यात, कारण विम्याच्या दाव्यात दोन्ही चाव्या मागतात आणि चावी मूळची नसल्यास त्याचा खुलासा त्या बिलानेच करता येतो.

एवढे असूनही हँडल लॉक रोज लावावेच. ज्याला मिनिटभरात गाडी हवी असते, असा संधी साधणारा चोर त्यामुळे पुढच्या गाडीकडे वळतो.

मग कोणते कुलूप घ्यावे? डिस्क लॉक चालेल का?

जुन्या बहुतेक गाड्यांना पुढेही ड्रम ब्रेक असतो, म्हणून डिस्क लॉक बसवायला जागाच नसते. हे लक्षात न घेता कित्येक जण ते विकत आणतात. जुन्या गाडीची जमेची बाजू म्हणजे तारांची चाके. त्यातून जाड साखळी सहज ओवली जाते. साखळी मागच्या चाकातून घेऊन चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नळीभोवती फिरवावी. केवळ पुढच्या चाकात अडकवलेली साखळी अपुरी असते, कारण पुढचे चाक एका अ‍ॅक्सलवर सुटते.

साखळी निवडताना हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी जस्ताचा मुलामा दिलेली साखळी टाळावी. ती मऊ लोखंडाची असते आणि मोठ्या कटरने तुटते. टणक केलेल्या पोलादाची, कडी किमान १० मिलिमीटर जाड असलेली साखळी घ्यावी आणि तितक्याच दर्जाचे कुलूप लावावे, कारण चोर दोहोंपैकी कमजोर असेल तेच तोडतो. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. जमिनीचा आधार मिळाला की कटरच्या एका दांड्यावर पाय देऊन पूर्ण अंगाचा जोर लावता येतो, पण तीच साखळी चाकाच्या मध्यावर ताणून बसवली असेल तर कटर नीट धरताही येत नाही.

खाऱ्या हवेत कुलपे महिनाभरात गंजतात. त्याला काय करावे?

किनाऱ्यावर ही तक्रार सार्वत्रिक आहे, आणि कुलूप अडकते म्हणून ते लावणेच सोडून देणे हा तिचा सर्वांत वाईट शेवट असतो. कुलपाचे शरीर पितळी असावे. चावीच्या छिद्रात इंजिन ऑइल सोडू नये, कारण त्यात धूळ व मीठ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड किंवा सुके वंगण वापरावे. छिद्राला सरकते झाकण असलेले कुलूप घ्यावे आणि ते छिद्र खाली येईल अशा रीतीने लावावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवली तर गाडीचा रंग वाचतो, परंतु ट्यूबच्या आत ओल धरते. त्यामुळे पावसाळ्यात ती पंधरा दिवसांनी काढून साखळी पुसावी.

घरापुढे गाडी कशाला बांधावी?

शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोन माणसे उचलून टेम्पोत टाकू शकतात. म्हणून गाडी स्वतःशीच नव्हे, तर न हलणाऱ्या वस्तूशी बांधलेली हवी. येथे कोकणातील घरांची एक अडचण येते. जांभा चिरा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो. त्यात ठोकलेला बोल्ट सुरुवातीला घट्ट वाटतो, पण पहारीने ओढला की भुगा होऊन बाहेर येतो. त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीत हुक मारून त्यावर भिस्त ठेवू नये. खळ्याच्या (घरापुढील अंगणाच्या) कडेला दीड-दोन फूट खड्डा खणून त्यात उलट्या यू आकाराची जाड सळई काँक्रीटमध्ये गाडावी आणि तिची खालची टोके बाहेरच्या बाजूस वाकवलेली असावीत. मांगराचा, म्हणजे घराबाहेरील खोपीचा, लाकडी खांब कुजलेला नाही याची खात्री असेल तरच त्याचा उपयोग करावा.

माडाला बांधावी का, असेही विचारले जाते. माड भक्कम असतो आणि साखळी वरून काढून घेता येत नाही, पण नारळ आणि झापे पडून टाकी चेपते. पोफळीला बांधू नये, कारण ती कोयत्याने थोड्या वेळात पाडता येते.

मेकॅनिक गुप्त स्विच बसवून देतो म्हणतो. उपयोग होतो का?

होतो. माझ्या मते जुन्या गाडीवर केलेल्या लहान खर्चात हा सर्वांत चांगला आहे. चावीच्या कुलपाला बगल देऊनही इंजिन सुरू होऊ नये, अशा रीतीने प्रज्वलनाच्या वायरिंगमध्ये वेगळा स्विच जोडला जातो. गाडी सुरू होत नाही हे पाहून चोराला ती ढकलत न्यावी लागते, आणि ढकलत नेलेली गाडी वाडीतील कुत्र्यांच्या आणि माणसांच्या लक्षात येते.

मात्र काम नीट झाले पाहिजे. वायरची टोके नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळली, तर खाऱ्या दमटपणाने तांबे हिरवे पडते आणि ऐन पावसात घाटात गाडी बंद पडते. जोड डाख दिलेला (सोल्डर केलेला) असावा, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी असावी आणि स्विच पाण्यापासून सुरक्षित असावा. तो सीटखाली नेहमीच्या जागी लावू नये, कारण तेथे सर्वांत आधी हात जातो. पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवयही चांगली आहे, पण अनुभवी चोर तो आधी पाहतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

जीपीएस ट्रॅकर लावावा का?

नवी किंवा मोलाची जुनी गाडी असेल तर लावावा. मात्र तो मोबाइल नेटवर्कवर माहिती पाठवतो आणि घाटांत, खाडीकाठच्या वाड्यांत नेटवर्क सलग नसते, हे गृहीत धरावे. किक मारून सुरू होणाऱ्या गाड्यांची बॅटरी फार लहान असते. अशी गाडी आठवडाभर उभी राहिली तर ट्रॅकरच ती उतरवतो. ब्लूटूथवर चालणारी लहान टॅग जवळून जाणाऱ्या इतर फोनांच्या आधारे ठिकाण सांगते, त्यामुळे ती शहरात जितकी कामास येते तितकी विरळ वस्तीत येत नाही.

आम्ही मुंबईत असतो. गणपती आणि शिमगा सोडला तर गाडी गावच्या घरात पडून असते. ती कशी राखावी?

चाकरमान्यांच्या गाड्यांची खरी अडचण चोरी उशिरा कळणे ही आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पडवीचे दार उघडल्यावर गाडी नाही असे दिसते आणि ती नेमकी कोणत्या महिन्यात गेली हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या घरची गाडी गेली तेव्हा शेजाऱ्यांना वाटत होते की ती आम्हीच दुरुस्तीला पाठवली असावी. हे दुःख गाडी गेल्याच्या दुःखापेक्षा मोठे होते, कारण कोणीतरी एक फोन केला असता तर त्याच दिवशी कळले असते.

म्हणून निघण्यापूर्वी गाडी कोणी न्यायला आले तर आधी आम्हाला फोन करावा, असे दोन घरी स्पष्ट सांगून जावे आणि त्यांपैकी एकाने आठवड्याला गाडीचा एक फोटो पाठवावा असे ठरवावे. बॅटरी काढून घरात ठेवावी, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडावे आणि स्पार्क प्लग काढून त्या छिद्रात तेलाचे थेंब टाकून जुना प्लग लावावा. यात गाडीची निगाही होते आणि ती जागेवरून चटकन चालू करून नेणे कठीण होते. चावी त्याच घराच्या खुंटीवर ठेवू नये. शक्य असल्यास गाडी पडवीऐवजी आतल्या खोलीत घ्यावी. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गच्च गुंडाळू नये, कारण आत घाम धरून चेसिस गंजते.

आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत. याने काय बिघडते?

गाडी घरात आहे तोवर काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही, परंतु ती चोरीला गेली की सर्व काही तेथेच अडते. फिर्याद कोणी द्यायची, विमा कोणाला मिळायचा, सापडलेली गाडी कोणाच्या ताब्यात द्यायची, या प्रत्येक टप्प्यावर नोंदणीकृत मालक विचारला जातो. नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने परिवहन कार्यालयाला कळवल्यास त्याला तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावयाची असते. मुदत उलटून गेली असली तरीही अर्ज करावा, कारण चोरी झाल्यानंतर हेच काम दहापट अवघड होते. रत्नागिरीच्या एमएच ०८, सिंधुदुर्गच्या एमएच ०७ आणि पेणच्या एमएच ०६ या क्रमांकाच्या कितीतरी गाड्या आजही दिवंगत व्यक्तींच्या नावावर फिरत आहेत.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते, ते झालेले असावे. तसेच नोंदणीला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. चोरलेली गाडी दुसऱ्या शहरात सिग्नल तोडताना कॅमेऱ्यात आली, तर ई-चलनाचा संदेश त्या क्रमांकावर येतो आणि त्यात ठिकाण व वेळही असते.

गाडीची ओळख पटावी म्हणून घरी काय जपून ठेवावे?

चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांचे स्पष्ट फोटो, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, आणि तिच्यावरील खुणा, म्हणजे वेल्डिंग केलेला स्टँड, चेपलेला सायलेन्सर, बदललेला आरसा. समुद्राकाठी चेसिसवरील अंक गंजाने खाल्ले जातात. त्यांवर जाड रंग न देता ग्रीसचा पातळ हात द्यावा. टाकीच्या आतील बाजूस व डिकीच्या झाकणामागे आपली एखादी खूण कोरून ठेवावी. मूळ क्रमांकाला मात्र हात लावू नये. तो खोडलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला तर संशय मालकावरच येतो.

उच्च सुरक्षा नंबर प्लेटने चोरी थांबते का?

चोरी थांबत नाही, पण चोरलेली गाडी उजळ माथ्याने फिरवणे कठीण होते. या प्लेटवर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या कुलुपी खिळ्यांनी लावतात, त्यामुळे काढताना ते तुटतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक झाली असून दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरवण्यात आला. फक्त प्लेट चोरीला गेली तरी पोलिसांत तक्रार द्यावी, कारण ती दुसऱ्या गाडीवर लागू शकते.

गाडी जागेवर नाही असे दिसले, तर पहिल्या तासात काय करावे?

प्रथम घरातील किंवा मित्रांपैकी कोणी नेली नाही ना, आणि शहरात असाल तर वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना, एवढेच विचारावे. यात दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नयेत. नंतर ११२ वर फोन करून गाडीचा क्रमांक, रंग आणि शेवटची वेळ सांगावी. कोकणची पट्टी समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये अरुंद आहे. घाटावर जाण्याचे रस्ते आंबोली, फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली असे मोजके आहेत. याशिवाय राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि गोव्याकडे बांदा आहे, तर खाड्यांवर दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ यांसारख्या फेरीबोटी आहेत. खबर लवकर गेली तर या वाटांवर लक्ष ठेवता येते, उशिरा गेली तर गाडी कोल्हापूर किंवा बेळगावच्या दिशेने निघून गेलेली असते. गावाच्या पोलीस पाटलांना आणि फेरीबोटीवरील ओळखीच्या माणसांना त्याच वेळी कळवावे. स्वतः पाठलाग करू नये.

त्यानंतर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. गावाजवळच्या दूरक्षेत्रात (पोलीस चौकीत) प्रथम खबर दिली तरी गुन्हा नोंदवल्याची प्रत मिळाल्याशिवाय काम झाले असे समजू नये. ती प्रत विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली खबर तीन दिवसांत स्वाक्षरी केल्यावर नोंदवली जाते. नोंद झालीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो.

फिर्यादीत गाडीची किंमत किती सांगावी?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण जुन्या गाडीच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. संकोचाने पुष्कळ जण ‘जुनीच गाडी होती, असेल दोन-तीन हजारांची’ असे सांगून मोकळे होतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असल्यास गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. चालू स्थितीतील जुनी स्प्लेंडरदेखील बाजारात याहून बरीच अधिक किमतीला जाते. म्हणून गाडीची आजची खरी बाजारभावाची किंमत सांगावी, आणि नुकत्याच केलेल्या दुरुस्तीची बिले असल्यास जोडावीत. किंमत फुगवूही नये.

विमा आहे. पैसे मिळतील ना?

केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांना बहुधा तेवढाच विमा असतो. चोरीची भरपाई सर्वसमावेशक किंवा स्वतःच्या नुकसानीच्या विम्यातच असते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचे विमामूल्य ठरलेल्या घसाऱ्याने निघते, तर त्याहून जुन्या गाडीचे मूल्य विमा कंपनी व मालक यांच्या सहमतीने ठरते. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी छापून आलेला आकडा मुकाट्याने मान्य न करता त्यावर बोलावे.

दाव्यासाठी फिर्यादीची प्रत, आरसी, दोन्ही चाव्या आणि शेवटी पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला असा अहवाल, मागितला जातो. फिर्याद वेळेवर दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. उलट, २०२१ साली त्याच न्यायालयाने वैध नोंदणी नसलेल्या गाडीच्या चोरीचा दावा नाकारणे योग्य ठरवले. नोंदणीचे नूतनीकरण करून घ्या असे वर म्हटले ते याही कारणाने.

स्वस्तात जुनी गाडी मिळते आहे. ती चोरीची नाही हे कसे ओळखावे?

चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर ती गाडी चोरीची म्हणून नोंदली आहे का, हे पाहता येते. ‘कागद नंतर देतो’ असे सांगणाऱ्याशी व्यवहार करू नये. सिंधुदुर्गात गोव्याच्या नोंदणीच्या गाड्या स्वस्तात येतात. त्यांच्यासाठी तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास पुन्हा नोंदणी करावी लागते. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

गाडी सापडली, पण पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे. ती कधी मिळेल?

ती खटल्यातील मुद्देमाल असल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने मिळते. त्यासाठी खटला संपेपर्यंत थांबण्याची गरज नाही. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ कुजत ठेवू नयेत, पंचनामा व फोटो करून बंधपत्रावर ती मालकाला द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच स्पष्ट केलेले आहे. आरसी, विमा आणि ओळखपत्र घेऊन स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लवकर अर्ज करावा. आपल्याकडील एक पावसाळा उघड्यावर काढला की टाकी, तारा आणि सायलेन्सर कामातून जातात. ताबा मिळताना चेसिस व इंजिन क्रमांक पुन्हा ताडून पाहावेत, कोणते भाग गायब आहेत ते पंचनाम्यात लिहून घ्यावे, आणि विम्याचे पैसे आधी मिळालेले असतील तर गाडी सापडल्याचे कंपनीला लेखी कळवावे. चोराच्या हाती आपली चावी गेली असण्याची शक्यता असल्यास घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी लॉक सेट बदलावा.